आईच्या वळणावर

३ ऑगस्ट, रविवार

ताईने आज जाहीर केलं की एकवीस नोव्हेंबरला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, जग संपणार आहे आणि म्हणून ती यंदा चष्म्याचा नंबर बदलून घेणार नाही. साडेतीन महिन्यांसाठी नवा चष्मा कशाला, असं तिचं म्हणणं. मी हसलो तर ही मला म्हणाली, "अहो, हसू नका, त्यांना लागतं." ही म्हणजे माझी बायको. तिला सगळ्यांचं सगळं लागतं.

ताई माझी मोठी बहीण. वय साठ. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि शाळांचे, दवाखान्यांचे गणवेश शिवते. ही तारीख तिला दिली नकाशेमास्तरांनी. मास्तर चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. आता सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर गुरुवारी वीस-पंचवीस माणसं जमवतात आणि पृथ्वीचा आस कसा कलंडणार ते टेबलावरचा गोल फिरवून दाखवतात. इतकी वर्षं पोरं नापास करून पोट भरलं नाही, आता पृथ्वीलाच नापास करायला निघाले आहेत.

ही वही मी एवढ्यासाठीच धरली आहे की बावीस नोव्हेंबरला ती ताईसमोर वाचून दाखवता यावी. माणसं मागाहून कानावर हात ठेवतात, आम्ही असं म्हणालोच नव्हतो म्हणतात. मी वजनमापे निरीक्षक आहे. एकतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासतोय. लिहून ठेवलेलं तेवढं खरं, बाकी सगळा वारा.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी भाचीचा फोन. ताईची एकुलती एक मुलगी, नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असते. "मामा, आईच्या मानेला गाठ आलीय म्हणे. तू बघितलीस का?"

नव्हती बघितली. वर गेलो. डाव्या बाजूला, कानाखाली दोन बोटांवर, वाटाण्याहून थोडी मोठी. दुखत नाही. मला तर हसूच आलं, कारण ही गाठ माझ्या ओळखीची आहे. आईला अशीच होती, डावीकडेच, तीस वर्षं. लहानपणी आम्ही ती बोटाने दाबून बघायचो आणि आई हातावर चापट मारायची. आई गेली चौऱ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत, आणि जाताना गाठ होती तेवढीच होती.

ताई पहिल्यापासून आईच्या वळणावर गेली आहे. तेच कपाळ, तेच डोळे, बोलताना मान कलती करायची तीच सवय. भाची ताईवर. तिघी एका साच्यातून काढल्यासारख्या. मी मात्र वडिलांवर गेलो. वडील एकसष्टाव्या वर्षी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी सत्तावन्नचा आहे, म्हणजे माझ्या हातात चार वर्षं. हे मी कुणाजवळ बोलत नाही, पण कपाटातले कागद एका फायलीत लावून ठेवले आहेत. खाण तशी माती. ज्याचा चेहरा त्याचं आयुष्य, हे मी आमच्या घराण्यात तीन पिढ्या पाहिलं आहे.

तरी भाचीच्या समाधानासाठी ऑफिसच्या पेटीतला कॅलिपर काढला. मापांचे व्यास बघायला तो आम्हाला लागतो. अकरा मिलिमीटर भरली. भाचीला फोनवर सांगितलं, दर रविवारी मोजत जाईन, वाढली तर त्याच दिवशी डॉक्टर. ताईला ही कल्पना फार आवडली. "तू मापलंस ना, मग मला घोर नाही," म्हणाली.

१७ ऑगस्ट, रविवार

अकरा. ताईने एका शाळेचं काम परत पाठवलं. गणवेश डिसेंबरात हवे होते. "वीस नोव्हेंबरपर्यंतचं असेल तर घेते," असं तिने मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. त्यांना वाटलं, बाई गावाला चालल्या आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार

बारा. एका मिलिमीटरचा फरक कॅलिपर कमी-जास्त दाबल्यानेही पडतो. आमच्या खात्यात याला चालणारी तफावत म्हणतात. प्रत्येक तराजूला ती दिलेली असते, नाहीतर गावातलं एकही दुकान उघडं राहणार नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

आज बाजारात तपासणी. सुक्या मेव्याच्या दुकानातला काटा किलोमागे चाळीस ग्रॅम खोटा निघाला. दुकानदार रडकुंडीला आला. माणूस लबाड नाही, मी त्याला वीस वर्षं ओळखतो. "साहेब, रोज सकाळी मी स्वतः काटा शून्यावर आणतो हो. जरासा हलला असेल तर स्क्रू फिरवतो आणि मगच पहिलं गिऱ्हाईक."

तिथेच तर घोळ झाला. रोज केसभर हलायचा आणि हा रोज केसभर सावरून घ्यायचा. आतली स्प्रिंग थकत आली होती ती त्याला दिसलीच नाही. मी म्हणालो, "शेठ, कालच्या शून्याशी आजचं शून्य ताडून काय उपयोग? महिन्यातून एकदा तरी खरं वजन ठेवून बघा." काट्याला सील ठोकलं. घरी येऊन हिला सगळं सांगितलं, तेव्हा ती पोळपाटावर... नाही, ती इस्त्री करत होती. लिहायचं ते बरोबर लिहावं. ती म्हणाली, "बिचारा."

७ सप्टेंबर, रविवार

तेरा. मागच्या रविवारी बारा होती. तफावतीतच आहे.

जेवताना मी हिला म्हणालो, ताई दिवसेंदिवस आईसारखीच दिसायला लागलीय. ही म्हणाली, "मला बाई सासूबाईंचं आणि ताईंचं साम्य कधीच दिसलं नाही. ताई तुमच्यासारख्या दिसतात. माझ्या माहेरचे सगळे लग्नातच म्हणाले होते, नाक बघा भावाबहिणीचं."

हिच्या माहेरच्यांना काय कळणार? लग्नात एकदा पाहिलं आणि निकाल दिला. उंटावरून शेळ्या हाकायच्या.

२८ सप्टेंबर, रविवार

पंधरा.

भाचीचा फोन. "मामा, तिला एकदा दाखवून घे ना. ती माझं ऐकत नाही. म्हणते, एकवीस तारखेनंतर बघू. तुझं ऐकेल."

"अगं, तुझी आई नव्वदी गाठणार आहे. आजीला हीच गाठ होती की नाही?"

"होती, पण..."

"मग? तूही म्हातारपणी मानेवर घेऊन फिरशील, बघ. आपल्या बायकांचा दागिनाच आहे तो."

ती हसली. मग विचारलं, "आज किती भरली?" मी म्हणालो, मागच्या आठवड्याएवढीच, एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे. तिला बरं वाटलं. माझा आकडा म्हटल्यावर माणूस निश्चिंत होतो. इतक्या वर्षांत एवढं तरी कमावलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सतरा. ताईचा आवाज बसला आहे. मास्तरांच्या खोलीत गुरुवारी सगळ्यांनी मिळून श्वास कसा रोखायचा आणि एकमेकांना हाका कशा मारायच्या याची तालीम केली म्हणे. ओरडून ओरडून घसा बसणार नाही तर काय होईल? गाठही त्यामुळेच जराशी सुजल्यासारखी वाटते.

२ नोव्हेंबर, रविवार

एकोणीस. ही सारखी म्हणते, ताईंचे कपडे ढिले झालेत, ताई जेवत नाहीत. काळजीने माणूस वाळतंच. वीस दिवसांनी आपण सगळे पृथ्वीवरून घरंगळणार अशी जिची खात्री आहे, तिला घास जाईल कसा? या मास्तरावर खरंतर फिर्याद करायला हवी. बायकांच्या मनात भीती भरायची आणि स्वतः मजेत चहा ढोसत बसायचं.

ताईने आज शिवणयंत्राला तेल घातलं. मी म्हणालो, "जग संपायला आलंय, आता तेल कशाला?" तर म्हणाली, "अरे, कुरकुर करत संपायला नको."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेतीनला सायकलच्या दुकानावर हजर झालो. कुणी हटकलं नाही. खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. बावीस माणसं मोजली. एक दात काढणारे डॉक्टर होते, दोघी परिचारिका, पोस्टातला एक कारकून, आणि एक म्हातारा आपल्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन आलेला. मास्तर भिंतीला टेकून उभे. वाळका माणूस, गोल दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. मी समजत होतो तसा तो मिजासखोर नव्हता. खरंच घाबरलेला दिसत होता.

ताई खिडकीजवळ बसली होती. गळ्याला मफलर. मला बघून तिने शेजारची खुर्ची रिकामी केली. मी बसलो नाही, दारातच उभा राहिलो. चार वाजले, तसे सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. ताईने एक हात माझ्याकडे केला. मी घड्याळ बघत होतो.

चार दहा झाले. पोपट काहीतरी बोलला. चार अकरा. चार पंधरा. खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होतं. चार वीसला परिचारिकांपैकी एक रडायला लागली, आणि ते सुटकेचं रडणं नव्हतं, फसल्यासारखं होतं. मास्तर पुटपुटले की आकडेमोडीत कुठेतरी एक वर्ष धरायचं राहिलं असणार. दात काढणारे डॉक्टर म्हणाले, "नाही मास्तर, आपण एकत्र बसलो म्हणून टळलं." लगेच चार-पाच माना हलल्या. पालथ्या घड्यावर पाणी! मी मोठ्याने हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

ताई मात्र उठून सरळ माझ्याकडे आली. "चल घरी."

बेकरीच्या कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "अरे, आता जगायचंच आहे तर गाठ दाखवून येऊ या का? सोमवारी जाऊ. तू येशील ना बरोबर?"

मी जिंकलेला माणूस होतो. मी म्हणालो, "ताई, एक खूळ डोक्यातून गेलं की लगेच दुसरं धरू नकोस. आत्ता पाहिलंस ना भीतीने माणसाचं काय होतं ते? आईने तीस वर्षं गाठ बाळगली. तू काय आईहून वेगळी आहेस?"

तिने मफलर सारखा केला. मग म्हणाली, "खरंय. मी आपली घाबरटच." बेकरीतून तिच्यासाठी गरम पाव घेतला. तिने एक तुकडा खाल्ला, बाकीचा मी खाल्ला.

वही वाचून दाखवणार होतो. तिचा चेहरा बघून बेत रद्द केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

बावीस.

७ डिसेंबर, रविवार

चोवीस. ताईने परत पाठवलेलं शाळेचं काम पुन्हा आणलं आहे. दिवसभर यंत्रावर बसते. संध्याकाळी धाप लागते. वय झालं म्हणायचं. गेल्या आठवड्यात तिला एकसष्ट पूर्ण झाली, हिने तिच्यासाठी स्वेटर विणला. मापाला मोठा झाला. ही म्हणाली, "मी जुन्याच मापाने विणला हो."

९ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसातून आलो तर घराला कुलूप. सात वाजता ही आणि ताई परत आल्या. सकाळी मला म्हणाल्या होत्या, बाजारात जातो. ताईला तीन दिवस पाणी गिळता येत नव्हतं आणि तिने ते फक्त हिला सांगितलं. दोघी मला चोरून मोठ्या दवाखान्यात गेल्या.

"मला का नाही सांगितलं?" मी हिच्यावर ओरडलो.

ही पहिल्यांदाच मला उलट बोलली. "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?"

डॉक्टरांनी गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. ताई माझी समजूत घालत होती. "अरे, तुझं बरोबरच असणार. ही ऐकेना म्हणून गेले."

१४ जानेवारी, बुधवार

गाठ साधी नाही. छातीपर्यंत पसरली आहे. डॉक्टर तरुण आहेत, शांतपणे बोलले. औषधं देऊ म्हणाले, त्रास कमी होईल म्हणाले. बरं होईल असं म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारलं.

भाची दुपारच्या गाडीने आली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

आज नकाशेमास्तरांना गाठलं. डोक्यात तिडीक घेऊनच गेलो होतो. हा माणूस तारीख घेऊन आला नसता तर ताई ऑगस्टातच डॉक्टरकडे गेली असती. साडेतीन महिने याने खाल्ले. जिना चढतानाच शिव्या तयार होत्या.

खोलीत तो एकटाच होता. बाकी मंडळी आता दुसऱ्या कुणाकडे जातात म्हणे. त्या दात काढणाऱ्या डॉक्टरने नवी तारीख काढली आहे. मी जे तोंडाला येईल ते बोललो. माझ्या बहिणीचा जीव घेतलास, इथपर्यंत बोललो. टेबलावरचा गोल त्याने कापडाने झाकून ठेवला होता.

मग म्हणाला, "तुमच्या ताईंनी मला गाठ दाखवली होती. सप्टेंबरात. मी म्हटलं, बाई, शेवट येईल तेव्हा येईल, तोवर दुखणं अंगावर काढू नका. उद्याच डॉक्टर गाठा. मी स्वतः येतो म्हटलं."

मी म्हणालो, खोटं.

"खोटं कशाला बोलू? त्या म्हणाल्या, मास्तर, तुमचं गणित एकवेळ चुकेल. माझा भाऊ सरकारी माणूस आहे, दर रविवारी यंत्राने मापतो. त्याचं माप चुकत नाही."

मी जिना उतरलो. खाली सायकलवाल्याने विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का? त्याच्या बाकावर थोडा वेळ बसलो. तो चाकाचं पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता.

१८ जानेवारी, रविवार

डॉक्टरांना तारखा हव्या आहेत. गाठ कधी दिसली, कशी वाढत गेली. ताई त्यांना अभिमानाने म्हणाली, "माझ्या भावाकडे सगळं लिहिलेलं आहे."

सकाळी ही वही उघडली आणि जे रविवार इथे नव्हते ते ऑफिसच्या टिपणांतून घेतले. मग सगळे एका कागदावर उतरवले. अकरा, अकरा, बारा, बारा, तेरा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.

बावीस रविवार. एकही आकडा चुकलेला नाही. प्रत्येक वेळी मागच्या रविवारपेक्षा फार तर एकाने जास्त. मी भाचीला म्हणालो होतो, वाढली तर त्याच दिवशी डॉक्टर.

बराच वेळ मी तो कागद धरून बसलो. एकदा मनात आलं, मधले चार-पाच आकडे बदलावेत. नोव्हेंबरपर्यंत तेराच ठेवावी आणि मग एकदम वाढली असं दाखवावं. पेन हातात घेतलं होतं. देवाशपथ घेतलं होतं. मग भाची खोलीत आली आणि तिने कागद मागितला. तो मी तसाच दिला. तिने वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"फोनवर तू मला दर वेळी 'मागच्या आठवड्याएवढीच' म्हणायचास," म्हणाली आणि गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

ताई दवाखान्यातच आहे. खाट खिडकीजवळ. औषधांनी डोळे मिटलेले असतात, पण रविवार मात्र तिला कळतो. आज मी स्टुलावर बसलो तर कुजबुजली, "माप ना. आणला नाहीस?"

कॅलिपर खिशात होता. का घेऊन गेलो होतो कोण जाणे. गाठीवर आता टोक टेकवायलाही जागा नाही, सगळा गळाच भरला आहे. मी लावल्यासारखं केलं.

"किती?"

एकतीस वर्षांत मी खोटा आकडा कधी सांगितला नाही. "तेवढीच आहे," मी म्हणालो.

"बघ," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझ्या बायकोला रागावू नकोस हं. तिने आपलं प्रेमानेच नेलं मला."

दवाखान्याच्या स्वच्छतागृहात जाऊन मी रडलो. नळ सोडून ठेवला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी सव्वानऊ वाजता ताई गेली. फॉर्मवर वय लिहायचं होतं. भाचीने एकसष्ट लिहिलं. मी तो आकडा बघितला आणि मला वडिलांची खुर्ची आठवली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लोक भेटायला येतात. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "ताई म्हणजे अगदी तुमच्या आई होत्या हो." मी आज दोघींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. कपाळ आईचं नाही. डोळे आईचे नाहीत. नाक सरळ वडिलांचं आहे, माझ्यासारखं, टोकाला किंचित वाकलेलं. मान कलती करायची सवय तेवढी आईची, आणि ती फोटोत येत नाही.

हिला फोटो दाखवले. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. दोन्ही फोटो पुसून कपाटात ठेवले.

१० मार्च, मंगळवार

भाची ताईची खोली आवरायला चार दिवस आली आहे. शाळेच्या अर्ध्या शिवलेल्या गणवेशांचा ढीग तसाच होता, तो तिने परत पोचवला. माझ्याशी आता थोडं बोलते. सकाळी चहा घेताना मला म्हणाली, "मामा, मी कोणावर गेलेय रे?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर होता. हनुवटी रुंद, मध्ये बारीकशी खळी. ती आमच्यात कुणालाच नाही, तिच्या वडिलांचीच आहे. भुवयाही त्यांच्याच. माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकी वर्षं हे मला दिसलं कसं नाही? तिच्या वडिलांच्या घरात गाठीबिठी कुणालाच नव्हत्या.

"तू तुझ्या बाबांवर गेली आहेस," मी म्हणालो. "हनुवटी बघ की. पूर्ण तेच."

तिने कप खाली ठेवला. "दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी हुबेहूब आई होते, मामा."

तिने मानेवरून हात फिरवला. उजव्या बाजूला. "इथे मला काहीतरी लागतंय. आठ दिवस झाले. काही नसेलही. अकरा वाजता डॉक्टरांची वेळ घेतलीय."

मी उठलो. चपला शोधायला लागलो. "थांब, मी येतो."

"तू नको."

"अगं, एकटी कशी जाशील?"

"मामी येतेय." ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी म्हणालो असतो. "तू बरोबर असलास ना मामा, की मला वाटायला लागतं काही नसणारच. आत्तासुद्धा वाटलं, तू हनुवटीचं म्हणालास तेव्हा. आईलाही असंच वाटत असणार."

दोघी साडेदहाला गेल्या. आता दीड वाजून गेला आहे. मी घरातच आहे, एका पायात चप्पल तशीच आहे. फोन अजून आलेला नाही.